वेरूळ रस्त्यावर लाकडी हॉटेल: सागवान, परदेशी लाकूड, बांबू की नुसता मुलामा?

वेरूळ, खुलताबाद, म्हैसमाळच्या पट्ट्यात ज्यांची जमीन आहे, त्यांतले बरेच जण सध्या दहा-बारा खोल्यांच्या पर्यावरणपूरक हॉटेलचा विचार करतायत. आर्किटेक्ट लॅपटॉप उघडतो आणि नॉर्वे-स्वीडनचे फोटो दाखवतो. फोटो खरे आहेत. नॉर्वेतली म्योस्टॉर्नेट ही १८ मजली लाकडी इमारत २०१९ साली पूर्ण झाली, उंची ८५.४ मीटर, आणि आत हॉटेल चालतं. स्वीडनच्या शेलेफ्टिओ गावातलं २० मजली सारा कल्चरहाउस २०२१ साली उघडलं, त्यातही हॉटेल आहे. पण त्यांचं भांडण थंडीशी, आपलं एप्रिल-मेच्या उन्हाशी. म्हणून फोटो बाजूला ठेवून आपल्याकडे काय टिकेल, ते पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघू.

सर्वांत सोपा रस्ता म्हणजे आरसीसीचा सांगाडा उभा करायचा आणि वरून लाकडी पट्ट्या मारायच्या. परवानगी, कर्ज, मिस्त्री, सगळं नेहमीचं. वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेणीत, म्हणजे सुताराच्या झोपडीत, छताला दगडातच लाकडी वासे कोरलेत; तिथे ती नक्कल शोभते. सिमेंटवरच्या पट्टीबद्दल तसं म्हणवत नाही. पश्चिमेच्या भिंतीवरची पट्टी दोन-तीन उन्हाळ्यांत रंग सोडते, वाकते, आणि सिमेंट तर तेवढंच लागलेलं असतं. पाहुण्यांना फक्त ‘लूक’ हवा असेल तर हे करा, पण मग पाटीवर पर्यावरण लिहू नका.

दुसरं टोक म्हणजे परदेशातून येणारं इंजिनिअर्ड लाकूड: पट्ट्या चिकटवून केलेल्या तुळया (ग्लुलम) आणि आडव्या-उभ्या थरांचे पॅनेल (सीएलटी). माल अचूक मापाचा असतो, क्रेन असली तर सांगाडा झपाट्याने उभा राहतो. अडचण पुढची आहे. पॅनेलची भिंत हलकी असते. लाकूड उष्णता सावकाश आत सोडतं हे खरं, पण दिवसभराची उष्णता पोटात धरून रात्री सोडण्याइतकं वजन त्या भिंतीत नसतं. मराठवाड्यात दिवस तापतो आणि रात्र उतरते. त्या फरकाचा फायदा जाड, जड भिंतीलाच घेता येतो. हलक्या भिंतीच्या खोलीत दुपारी एसीवाचून भागत नाही. शिवाय एखादं पॅनेल पावसात भिजून फुगलं तर बदली माल समुद्रापलीकडून मागवा. बारा खोल्यांसाठी हा उपद्व्याप मला पटत नाही. पाच-सहा मजले चढवायचे असते तर हिशोब वेगळा झाला असता.

तिसरा पर्याय आपल्या वाड्यांचाच: तळखड्यावर (खांबाखालच्या दगडी बैठकीवर) सागवानी खांब, वर तुळया, कडीपाट (कड्यांवर फळ्या घालून केलेलं छत), आणि सांगाड्याला धरून दगडाची, विटेची किंवा दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांची जाड भिंत. माझं मत याच बाजूचं आहे, पण लातूर-धाराशिवकडचा वाचक इथेच थांबेल आणि किल्लारीच्या भूकंपाचं विचारेल. विचारायलाच हवं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे झालं, त्याचं खापर लाकडावर फोडता येत नाही. भिंती मातीत रचलेल्या गोट्यांच्या, दोन-दोन फूट रुंद, आतल्या-बाहेरच्या थरांना एकत्र बांधणारा आडवा दगड नाही. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, दर पावसाळ्याआधी नवी माती टाकून जाड होत गेलेलं. भिंती फुटल्या आणि माणसं दगडांखाली गेली. कितीतरी घरांत चारी बाजूंच्या भिंती पडल्यावर खणाचे खांब आणि तुळया मात्र जागेवर उभ्या दिसल्या. तेव्हा वाड्याकडून सांगाडा घ्यायचा, डोक्यावरचं मातीचं ओझं घ्यायचं नाही. भिंतीला आडवे काँक्रीटचे पट्टे द्यायचे आणि छप्पर हलकं ठेवायचं: कौलं, खाली हवेची पोकळी, त्याखाली फळ्या.

वजनाचा हिशोब करून बघा. १२ बाय १६ फुटांच्या खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला तर ८० घनफूट काँक्रीट, म्हणजे साडेपाच टनांहून जास्त. त्याच खोलीला फूटभर अंतराने ३ बाय ५ इंची कड्या आणि सव्वा इंची फळ्या घातल्या तर साधारण ४० घनफूट सागवान, पाऊण टनाच्या आसपास. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो, म्हणून हा फरक महत्त्वाचा. आणि सुक्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं. त्या ४० घनफुटांत सव्वा टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन अडकून राहतो.

लाकडी तक्तपोशीचा, म्हणजे फळ्यांच्या मजल्याचा, खरा दोष आवाज. वरच्या खोलीत कुणी चप्पल आपटली की खालच्याची झोप मोडते, आणि हॉटेलात तक्रार त्याचीच येते. फळ्यांवर रबरी थर, त्यावर दोन इंच कोरडी वाळू आणि मग फरशी, एवढं केलं तर बरंच भागतं. वजन मात्र बरंच वाढतं, ते हिशोबात आधीच धरा. न्हाणीघरं मात्र लाकडी मजल्यावर नेऊ नका. ती एका बाजूला विटा-काँक्रीटच्या गाभ्यात, एकावर एक.

आगीची भीती सगळेच घालतात. सागासारखं घट्ट लाकूड मिनिटाला अर्धा मिलिमीटरच्या आसपास जळत जातं आणि वरचा कोळसा आतला गाभा राखतो. अर्ध्या तासानेही आठ इंची खांब बराचसा शाबूत असतो. उघडं लोखंड साडेपाचशे अंशांना जवळपास निम्मी ताकद गमावतं. पण हे जाड खांबांचं झालं; पातळ पट्ट्या काडेपेटीसारख्या पेटतात. तळमजला आणि एक मजला, दोन जिने, स्वयंपाकघर वेगळ्या इमारतीत, हे पाळा. विमा कंपनीचा होकार नकाशा पक्का होण्याआधी लेखी घ्या.

लाकूड कुठलं? पडलेल्या वाड्यांचा जुना सागवान मिळत असेल तर तोच. तो पूर्ण सुकलेला असतो आणि त्यासाठी नवं झाड पडत नाही. घेताना तुळईचं जे टोक भिंतीत होतं ते आधी बघा, कूज तिथेच असते. हातोडीने ठोकत जा. बद्द आवाज आला की आत वाळवीने घर केलेलं समजा. जुने खिळे निघाले नाहीत तर करवतीचं पातं जातं. नवा सागवान घ्यायचा तर वनखात्याचा वाहतूक पास मागा, आणि ओलावा मीटरने मोजा: आपल्या कोरड्या हवेत दहा-बारा टक्क्यांच्या वर असलेलं लाकूड बसवलं की उन्हाळ्यात तडकतं, फळ्यांमध्ये फटी पडतात. खांब थेट मातीत कधीच रोवू नका. जोत्यावर तळखडा, त्यावर खांब, म्हणजे वाळवीची मातीची नळी वर चढताना डोळ्यांना दिसते.

बांबू स्वस्त आहे, पटकन वाढतो, आणि २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर खासगी जमिनीवरच्या बांबूला ‘झाड’ म्हणून वनकायदा लागत नाही. ओसरी, मांडव, जेवणाची पडवी यांना उत्तम. बोरॅक्स-बोरिक अॅसिड न पाजलेला असेल तर कीड लागून भुगा पडू लागतो. खोल्यांचा मुख्य भार त्याच्यावर टाकावा असं मला वाटत नाही. सांधा नीट करणारा कारागीर जवळ नसतो.

जमीन वेरूळ लेणी किंवा दौलताबाद किल्ल्याजवळ असेल तर हे सगळं ठरवण्याआधी अंतर मोजून घ्या. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते, मग बांधकाम लाकडाचं असो की काँक्रीटचं. तिथून मोकळे झालात की आर्किटेक्टच्याही आधी सुतार शोधा. कुसू-भोकाचा जोड (एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवायचं) हाताने करणारे आता थोडेच उरलेत, आणि लग्नसराईच्या आधीचे महिने ते फर्निचरच्या कामात अडकलेले असतात. दिवाळीनंतर लगेच बोलणी करून इसार दिलात तर पावसाळ्याआधी छप्पर चढेल.