कोलॅजनच्या नावाखाली आमच्या गावात काय विकलं गेलं

माझ्या धाकट्या जावेचे चोवीस हजार रुपये गेले आणि चेहऱ्याची वाट लागली ती वेगळीच. माझेही साडेतीन हजार त्यात आहेत. ती म्हणाली, "लिहा ताई, बाकीच्या बाया तरी वाचतील," म्हणून लिहिते. नाव कुणाचंच घेत नाही, कारण तक्रार चालू आहे.

आमचं गाव अंबड तालुक्यात. मोसंबीच्या बागा, कापूस आणि मे महिन्यात 42-43 अंशांचं ऊन. बाया दिवसभर रानात. चाळिशी यायच्या आधीच गालावर वांग आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या. अशा गावात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जालन्याहून एक बाई आली आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातावर निळ्या सीरमची बोटभर बाटली ठेवून गेली. स्टीलच्या वाटीपेक्षा हे भारीच वाटणार ना! आठवडाभरानं तीच बाई सामान घेऊन परत आली आणि सीरममधल्या पेप्टाइडनं कोलॅजन वाढतं, सुरकुत्या जातात, असं सांगायला लागली.

तिचं बोलणं सगळं खोटं नव्हतं, आणि तिथंच गोची आहे. वय वाढतं तसं त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, कमी होतं, हे खरं. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची छोटी साखळी, हेही खरं. कोलॅजन तुटलं की त्याचे तुकडे पेशींना नवं कोलॅजन बनवायचा इशारा देतात आणि सीरममधलं पेप्टाइड तसाच इशारा देतं, ही कल्पना शास्त्रज्ञांचीच आहे. कॉपर पेप्टाइड, म्हणजे तांबं जोडलेलं पेप्टाइड, 1973 साली लॉरेन पिकार्ट यांनी माणसाच्या रक्तद्रवात शोधलं, आणि ते निळं असतं. बाईनं मात्र त्याच्यापुढं एक पायरी चढवली: "निळा रंग हाच अस्सल असल्याचा पुरावा."

माझा दीर बाटली उन्हात धरून म्हणाला, "वैनी, हे तर मोरचुदावानी दिसायलंय. मोसंबीच्या डिंक्या रोगाला मोरचुदाचा बोर्डो लावतो ना आपण, तसलं." हसण्यावारी गेलं ते, पण मुद्दा बिनतोड होता. निळं काय, मोरचुदासारखे तांब्याचे बरेच क्षार निळे दिसतात, नाहीतर खायचा रंग टाकला तरी निळं दिसतं. रंगावरून आत पेप्टाइड आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

या सीरमबरोबर 'नाईट पेप्टाइड क्रीम' नावाची पांढरी डबी होती. खरा खेळ तिच्यात होता. जावेनं रोज रात्री लावायला सुरुवात केली आणि आठवडा संपायच्या आत चेहरा असा उजळला की शेजारणी दारात येऊन विचारायला लागल्या. वांग फिके पडले, कातडी काचेसारखी दिसायला लागली. गावातल्या निम्म्या ऑर्डरी तिचं तोंड बघूनच गेल्या. मग बाईनं तिला गाठलं: "तुम्हीच आमची जाहिरात आहात, तुम्ही पार्टनर व्हा." चोवीस हजारांत माल, वर एक मशीन, आणि खाली आणखी बाया जोडल्या की त्यांच्या पैशातून कमिशन. पैसे यूपीआयनं गेले, तेही कंपनीच्या नाही, कुणा एका माणसाच्या खात्यावर.

आता जरा थांबून या उजळण्याकडं बघा. पेप्टाइडवर जे चांगले अभ्यास झालेत त्यातला एक 2005 साली छापून आला. 35 ते 55 वयाच्या 93 बायका, अर्ध्या चेहऱ्याला पामिटॉइल पेंटापेप्टाइड नावाच्या पेप्टाइडचं क्रीम, अर्ध्याला साधं, आणि हे 12 आठवडे. सुरकुत्यांमध्ये फरक दिसला, पण थोडका, मोजून बघावा असा. तोही अभ्यास प्रसाधनं बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांचा. म्हणजे चांगलं पेप्टाइड, नीट बनवलेलं, रोज लावलं, तरी तीन महिन्यांनी जरासा फरक. सीरमवाली आठ दिवसांत जे दाखवत होती ते पेप्टाइडचं काम असूच शकत नव्हतं. जे इतक्या लवकर चमकवतं ते दुसरंच काहीतरी असतं.

ते काय, हे क्रीम संपल्यावर कळलं. नवी डबी यायला उशीर झाला आणि दोन-तीन दिवसांत जावेचा चेहरा लालभडक. आग आग व्हायची, चुलीपुढं बसवेना. गालावर बारीक पुरळ, हनुवटीवर लव. बाईला फोन केला तर म्हणाली, "त्वचेतली घाण बाहेर पडतीय, लावत राहा." पुन्हा लावलं की शांत, सोडलं की आग. छत्रपती संभाजीनगरला त्वचारोगतज्ज्ञांकडं नेलं. त्यांनी चेहरा बघितला, डबी बघितली, आणि पहिला प्रश्न विचारला: "बंद केल्यावर वाढतं का?" ही सगळी लक्षणं स्टेरॉइडच्या क्रीमची, त्या म्हणाल्या. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात. आणि ऐका, स्टेरॉइड त्वचेत कोलॅजन बनण्याची क्रियाच दाबून टाकतं. कोलॅजन वाढवायचं म्हणून जे विकलं, त्यानं होतं तेही बसवलं.

मशीनची गंमतही सांगते. गालाला पेनासारखी दांडी टेकवली की मोबाइलवर आकडा यायचा. आधी '31 टक्के कोलॅजन', सीरम लावल्यावर '58 टक्के'. बायांना घाम फुटायचा. जाऊ पार्टनर झाल्यावर ते मशीन आमच्या घरीच आलं, आणि अकरावीतल्या माझ्या पुतण्यानं एक दिवस ते मोसंबीच्या सालीला लावलं. मोसंबीत कोलॅजन निघालं 46 टक्के! वनस्पतींत कोलॅजन नसतंच, ते प्राण्यांच्या शरीरात असतं. असली स्वस्त यंत्रं फक्त वरवरचा ओलावा मोजतात. सीरम लावा, पाणी लावा, आकडा वाढणारच. आम्ही इतकं हसलो, आणि मग जावेला रडू आलं.

डबीचं लेबल मी नंतर भिंग घेऊन वाचलं. आपल्या देशात बनलेल्या कॉस्मेटिकवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर, वापराची मुदत आणि घटकांची यादी लागते. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक. यातलं डबीवर एकही नव्हतं. होतं काय, तर 'कोरियन टेक्नॉलॉजी' आणि एक सोनेरी फूल. कोरियन टेक्नॉलॉजी म्हणजे माल कुठं बनला? जालन्याच्या एखाद्या खोलीत बनला तरी तसं लिहिता येतंच की. खऱ्या पेप्टाइडच्या बाटलीवर घटकांमध्ये कॉपर ट्रायपेप्टाइड-1, पामिटॉइल पेंटापेप्टाइड-4, असेटिल हेक्झापेप्टाइड-8 अशी नेमकी नावं असतात, नुसतं 'पेप्टाइड कॉम्प्लेक्स' नाही. आणि कुणी 'कोलॅजन क्रीम' लावून कोलॅजन आत जातं म्हणालं तर एवढं लक्षात ठेवा: साधारण 500 डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) वरचा रेणू धड कातडीतून आत शिरत नाही, कोलॅजनचा रेणू जवळपास तीन लाख डाल्टनचा असतो.

सुरकुत्यांवर सगळ्यात जास्त पुरावा कशाचा, असं मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या: उन्हापासून बचाव आणि रेटिनॉइड, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध, तेही दिवस गेलेले असतील तर अजिबात नाही. पेप्टाइड त्याच्या नंतर, हौस आणि पैसा असेल तर. रानात जाणारीनं स्कार्फ आणि सनस्क्रीन आधी घ्यावं, असं त्या म्हणाल्या. जावेचं क्रीम त्यांनी एकदम न तोडता हळूहळू सोडवलं. तुमच्याकडं अशी डबी असेल तर स्वतःच्या मनानं बंद करू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि डबी फेकू नका, तोच पुरावा आहे.

पैशाचं म्हणाल तर 1930 वर सायबर फसवणुकीची तक्रार दिली. तिथं जितक्या लवकर फोन कराल तितकं पैसे अडवायची आशा जास्त, आम्ही उशिरा केला. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला कळवलं, डबी अन्न व औषध प्रशासनाकडं दिली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, तोही अर्ज तयार आहे. खाली बाया जोडून कमिशन खायच्या पिरॅमिड योजनेला 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांनी बंदी आहे, तो मुद्दाही त्यात घातलाय. अजून एक रुपया परत आलेला नाही.

बाईचा जुना नंबर बंद आहे. परतूर-मंठ्याकडच्या आमच्या नातेवाइकांनी परवा सांगितलं, तिकडं एक बाई बचत गटाच्या बैठकांना येते, बाटलीचं नाव वेगळं आहे, पण मशीन तेच आहे. तिकडं कुणी ओळखीचं असेल तर आजच फोन करा.