शटर रात्री अडकलं: मिस्त्री आत्ताच बोलवायचा की सकाळी?

दुकान बंद करताना शटर अर्ध्यात अडकलं, तर आधी एवढंच बघा: कसंबसं खाली येऊन कुलूप लागतंय का? लागत असेल तर सकाळपर्यंत थांबलेलं केव्हाही बरं. दिवसा दोघा-तिघांकडे भाव विचारता येतो, सामानाची दुकानंही उघडी असतात. मोटरचं शटर असेल तर बहुतेकदा हाताच्या साखळीने खाली घेता येतं.

रात्री बोलावलं की येण्याचे पैसे वेगळे, अवेळचे वेगळे, आणि सामान त्याच्या गाडीत असेल तेच. तरीही शटर उघडंच राहणार असेल आणि आत माल असेल, तर घासाघीस करत बसू नका, बोलवाच. फक्त येणं, मजुरी आणि सामान यांचे आकडे फोनवरच वेगवेगळे विचारून घ्या. निसटलेली पट्टी चॅनेलमध्ये, म्हणजे शटर सरकतं त्या बाजूच्या खाचेत, बसवून कुलूप लागलं की रात्रीपुरतं झालं. "सगळं शटरच बदला" याला रात्री हो म्हणायचं नाही.

स्प्रिंग तुटली असेल तर मात्र गोष्ट निराळी. वर पाइपवर पीळ देऊन बसवलेली स्प्रिंगच शटरचं वजन तोलते. ती गेली की कालपर्यंत एका हाताने वर जाणारं शटर दोघांनाही उचलत नाही, आणि उचललंच तर धाडकन खाली येऊ शकतं. त्याखालून वाकून ये-जा करू नका, कामावरच्या पोराला तर मुळीच पाठवू नका. पीळ भरलेल्या स्प्रिंगला हत्यार मिस्त्र्यानेच लावायचं. बाकीच्या स्प्रिंगाही तितक्याच जुन्या असतील, तर त्याच फेरीत बदलून घ्या. दुसऱ्यांदा येण्याचे पैसे वाचतात.