‘अस्सल नप्पा लेदर, घरी येऊन फिटिंग’ : २२,५९९ रुपयांचं रेक्झिन

आधी हिशोब. बुकिंगला ५,००० रुपये, फिटिंग झाल्यावर ११,९९९, आणि मध्येच उकळलेले ५,६०० ‘फोमचे’. एकूण २२,५९९. वर सर्व्हिस सेंटरचे १,७७०. एवढ्या पैशांत माझ्या हॅचबॅकला लेदरचे सीट कव्हर म्हणून मिळालं काय, तर मीटरवर विकतात ते रेक्झिन आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा.

जाहिरात सगळ्यांनी पाहिलेलीच असणार. २१,५०० खोडून १६,९९९, बकेट फिट (म्हणजे सीटच्या आकाराला घट्ट बसणारं), पाच वर्षांची गॅरंटी, ‘तुमच्या पार्किंगमध्ये चार तासांत काम’. ‘मग कुर्ल्याला सीएसटी रोडच्या कार अ‍ॅक्सेसरीजच्या बाजारात का नाही गेलास?’ असं आता प्रत्येक जण विचारतो. डोंबिवलीहून रविवारी गाडी काढून तिथे दिवसभर उभं राहून बघा, मग विचारा. आणि मी काही डोळे मिटून पैसे दिले नाहीत. माणूस आल्या आल्या मी सॅम्पल मागितलं. त्याने खिशातून तुकडा काढला आणि लायटर माझ्याच हातात दिला. मी स्वतः जाळून पाहिलं. केस जळल्याचा वास आला. म्हणजे चामडं अस्सल. होतंच ते अस्सल, तो तुकडा तेवढा!

गठ्ठा सोडला तेव्हा बायको खाली आली होती. म्हणाली, ‘‘अहो, याला नव्या पावसाळी चपलेसारखा वास येतोय.’’ मी कव्हर उलटं करून पाहिलं तर मागे पांढरं विणलेलं कापड. विचारलं. उत्तर तयारच होतं : ‘‘साब, लेदर के पीछे फोम का लॅमिनेशन रहता है, वो उसका अस्तर है.’’ आता गंमत अशी की हे खोटं नाही. चांगल्या लेदर कव्हरलाही मागे फोम आणि अस्तर असतं. त्यामुळे मागची बाजू बघून काही कळत नाही, आणि ‘एवढंही दिसलं नाही का’ म्हणणाऱ्यांना ते माहीत नसतं. करायचं होतं ते एवढंच : शिलाईच्या आत दुमडलेली कड उघडून त्याच कव्हरची चिंधी कापायची आणि ती जाळायची. चिंधी वितळली, प्लॅस्टिकचा वास आला, की गठ्ठा परत. त्या क्षणी लायटर माझ्याच हातात होता. अजून रात्री आठवतं आणि चिडचिड होते.

तोवर त्यांनी पुढच्या दोन्ही सीट बोल्ट काढून बाहेर घेतल्या होत्या. बकेट फिटसाठी कंपनीचं कापड काढावंच लागतं, म्हणाले. कापड सीटला धरून ठेवणाऱ्या रिंगा तोडल्या, कापड टराटरा ओढलं, गोणीत भरलं. ती गोणी नंतर त्यांच्याच टेम्पोतून गेली. मूळ कापड हातचं जाऊ देऊ नका, फाटलेलं असलं तरी. आज कंपनीकडून तो सेट मागवायचा तर मला २८,४०० सांगतात.

आणि मग, सीट उघड्याबोडक्या जमिनीवर, संध्याकाळ झालेली, दुसऱ्या दिवशी पहाटे मावसभावाच्या लग्नाला साताऱ्याला निघायचं, अशा वेळी तो म्हणतो, फोम बसलाय, नवीन टाकल्याशिवाय फिटिंग होणार नाही. ५,६०० रोख. नाही म्हटलं असतं तर सीट तशाच टाकून गेले असते. तुम्ही काय केलं असतं?

लाल दिव्याचं कारण सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं. सीटखालचा एअरबॅग यंत्रणेचा पिवळा कनेक्टर सुटलेला असताना त्यांचा पोरगा गाणी लावायला इग्निशन ऑन करून बसला होता. बिघाड नोंदला गेला, स्कॅनर लावून पुसावा लागला : १,५०० अधिक जीएसटी. खरी भीती पुढे आहे. ज्या गाड्यांच्या पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅग असते, तिथल्या कव्हरची शिवण मुद्दाम कच्च्या दोऱ्याची लागते, फुगताना फाटावी म्हणून. माझ्या कव्हरला तिथे दिमाखदार डबल शिलाई. सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेली पट्टी आहे का, एवढं तरी आज खाली जाऊन बघा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी धोका तोंडी सांगितला. लेखी मागितलं तर ‘तशी पद्धत नाही’.

जून आला, दमट हवेत पापुद्रे सुटले, पांढऱ्या शर्टाला काळे कण चिकटू लागले. फोन बंद. मग माझी वरात निघाली.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर सांगितलं : माणूस घरी आला, काम झालं, हा सायबर गुन्हा होत नाही. पोलीस ठाण्यात : ऑनलाइन पैसे दिलेत ना, मग सायबरला जा. परत गेलो तर, हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) फसवणुकीचंच आहे म्हटल्यावर हवालदारसाहेब हसले, ‘‘वकील आहात का?’’ शेवटी अर्जावर शिक्का मारून दिला, तोही ‘इतक्या उशिरा का आलात’ असं सुनावून. म्हणजे पापुद्रे सुटायच्या आधीच यायला हवं होतं! बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. क्यूआर कोडवरचं नाव दुकानाचं नव्हतं, कुणा भलत्याच माणसाचं होतं, ते खातं कुणाचं हे बँकेला माहीत आहे, पण मला सांगता येत नाही. १९१५ ची ग्राहक हेल्पलाइन सभ्यपणे बोलते आणि तक्रार ‘संबंधितांकडे’ पाठवते. संबंधित कोण? जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आपण राहतो तिथे दावा करता येतो, सगळं छान. फक्त समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता असता तर मी स्वतःच नसतो का गेलो? म्हणून जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल हातात येईपर्यंत एक रुपया पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं रंगीत ‘इनव्हॉइस’ म्हणजे बिल नव्हे.

नंतर धारावीतल्या एका चामडेवाल्याने दोन मिनिटांत हिशोब सांगितला. चामडं स्क्वेअर फुटावर विकतात, जनावराचं कातडं कधी चौकोनी नसतं, कापताना बरंच वाया जातं. पाच सीटची गाडी अस्सल चामड्यात १६,९९९ ला? तो नुसताच माझ्याकडे बघत राहिला.

गेल्या आठवड्यात ते पेज नव्या नावाने दिसलं. भाव १५,९९९. ‘समाधानी ग्राहक’ म्हणून लावलेल्या फोटोत माझी गाडी आहे, मागे आमच्या सोसायटीचा निळा खांब. लिंक घेऊन लगेच पोलीस ठाण्यात गेलो. म्हणाले, रंगीत प्रिंट काढून आणा, दोन प्रतींत.