पेन्यास्कोत समुद्रकाठची ‘पहिली रांग’ विकणारे अण्णा

अॅरिझोनातली बरीच मराठी मंडळी आता हिवाळ्यात आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन मेक्सिकोतल्या पुएर्तो पेन्यास्कोला जायला लागली आहेत. अमेरिकन लोक ज्याला रॉकी पॉइंट म्हणतात तेच हे गाव. पुढच्या हिवाळ्याच्या जागा आत्तापासून धरल्या जातात, म्हणून आमच्या ग्रुपमधल्या दोन घरांना तिथे कसा गंडा घातला गेला ते सविस्तर लिहिते आहे. माणसाचं आणि आरव्ही लावायच्या पार्कचं नाव देणार नाही, तक्रार चालू आहे. पण पद्धत नीट वाचा. माणूस आणि गाव बदलून हाच प्रकार तुमच्या शेजारी खुर्ची टाकून बसू शकतो.

आम्ही तीन जोडपी होतो. एक मोटरहोम, दोन ट्रेलर. पेन्यास्को निवडायची कारणं सगळ्यांची असतात तीच. फिनिक्सहून चार तास, लूकव्हिलच्या सीमेवरच्या गेटापासून पुढे 100 किलोमीटर. तिथवर गाडीचं तात्पुरतं आयात परमिट लागत नाही. ग्रीन कार्ड असलं की भारतीय पासपोर्टवर वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही. इन्शुरन्स मात्र मेक्सिकन घ्यावाच लागतो, इथली पॉलिसी तिथे चालत नाही. गेट रात्री आठला बंद होतं, तेवढं सांभाळायचं. जानेवारीत दिवसा पातळ स्वेटरही नको होतो आणि बंदरावर ताजी कोळंबी मिळते, मग अजून काय पाहिजे!

निघताना मुलांनी फोनवर सूचनांचा पाढा वाचला. कार्टेल, पोलिसांची चिरीमिरी, एटीएम, रात्री गाडी चालवू नका. सगळ्या सूचना मेक्सिकन माणसाबद्दल.

त्यातला एक किरकोळ प्रकार घडला, तो आधी सांगून मोकळी होते. पेट्रोलपंपावर तिथे माणूस भरून देतो. 2018 साली आलेली 500 पेसोची नोट निळी आहे आणि तिच्यावर बेनितो हुआरेस आहे. 20 पेसोची जुनी नोटही निळी आणि तिच्यावरही हुआरेसच. तुम्ही 500 देता, पोरगा पाठमोरा होऊन परत वळतो आणि हातातली 20 ची नोट दाखवून म्हणतो, तुम्ही एवढीच दिलीत. आमच्या ह्यांच्याबरोबर हेच झालं. फरक असा की 500 ची नोट कागदी, मोठी, मागे देवमासा. 20 ची प्लास्टिकची, लहान, आरपार दिसणारी खिडकी असलेली. नोट हातात देतानाच मोठ्याने ‘किनिएंतोस’ म्हणायचं, म्हणजे पाचशे. भरायला सुरुवात करायच्या आधी मीटर शून्यावर आहे ना ते गाडीतून उतरून बघायचं. ह्यांनी आवाज चढवल्यावर पोराने दात काढले आणि खिशातून 500 ची नोट काढून दिली. विषय संपला.

आता खरी गोष्ट.

पार्कात आमच्या शेजारी मिनेसोटाचे एक गृहस्थ होते. सत्तरीचे, पांढरी दाढी, बायको वारलेली, जुना मोठा ट्रेलर. गुरुवारच्या पॉटलकचे, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाचे, मुख्य आयोजक तेच. पहिल्याच आठवड्यात एका रात्री व्होल्टेज इतकं पडलं की मैत्रिणीच्या ट्रेलरचा सर्ज प्रोटेक्टर वीज तोडून बसला. हे गृहस्थ डोक्याला बॅटरी बांधून, मल्टिमीटर घेऊन आले. खांबावरच्या पेटीत तारा टोचून आम्हाला आकडा दाखवला, 102. म्हणाले, संध्याकाळी सगळे हीटर लावतात, तुम्ही गीझर गॅसवर घ्या. चहा प्यायले आणि दुसरा कप मागून घेतला. तिसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांना अण्णा म्हणायला लागलो. त्यांनाही ते आवडलं, आल्या-गेल्याला सांगायचे, आय अॅम अण्णा.

अण्णांनी कधी काही विकलं नाही, हे लक्षात ठेवा. ते फक्त हळहळायचे. पार्कातली समुद्रालगतची पहिली रांग वर्षानुवर्षं त्याच लोकांकडे असते, कोणी मेल्याशिवाय जागा सुटत नाही, पार्कवाले दर वर्षी भाडं वाढवतात, वगैरे. मग एकदा बोलता बोलता म्हणाले, मी तर बाबा गावाबाहेर एक जागा धरून ठेवली. दहा वर्षांचा हक्क. एका कंपनीने किनाऱ्यालगत प्लॉट पाडलेत, ऑक्टोबरपर्यंत वीज, पाणी, ड्रेनेज येणार. पहिल्या रांगेत अजून पाच उरलेत बहुतेक. तुम्हाला नुसतं बघायचं असेल तर नेतो.

नेलं. कच्च्या रस्त्याने, वाळूत टायरची हवा कमी करून. जागा अशी होती की कोणाचंही मन बसावं. समोर निळं पाणी, मागे वाळूच्या टेकड्या, मध्ये लाकडी खुंट्या आणि त्यांना बांधलेल्या नारिंगी फिती. प्रत्येक खुंटीवर मार्करने नंबर. चौदा नंबरपाशी अण्णांनी आपली घडीची खुर्ची टाकली आणि म्हणाले, हे माझं घर.

एका जागेचे सहा हजार डॉलर, पैकी अडीच हजार आत्ता. कागद दोन होते. पहिला स्पॅनिश, ‘सेसियोन दे देरेचोस’ म्हणजे हक्क हस्तांतराचा, कोण्या शेतकऱ्याने कंपनीला दिलेला. दुसरा इंग्रजी, कंपनीने आपल्याला दिलेला, त्याच्यावर अॅरिझोनाच्या नोटरीचा शिक्का. दोन्हीवर अण्णांचं नाव कुठेच नव्हतं. ते आपले आमच्यासारखेच एक गिऱ्हाईक. पैसे झेल या बँकांच्या पैसे पाठवायच्या सोयीने पाठवायचे होते. झेल म्हणजे दोन्ही टोकांना अमेरिकन बँक, म्हणजे कायदेशीरच असणार, असा सगळ्यांचा हिशोब. स्क्रीनवर तिसरंच नाव आलं तेव्हा अण्णा म्हणाले, ते कंपनीच्या हिशोबनिसाचं. आमच्या घराने आणि मैत्रिणीच्या घराने पाठवले.

तिसरं घर मालवणचं. भावोजी म्हणाले, मी चेक देतो, अण्णा, तुमच्या नावाने लिहू का? तुम्ही पुढे द्या. त्यावर अण्णा पटकन मागे सरकले. नको नको, माझ्या नावाने काही नको, कंपनीच्या नावाने द्या. भावोजींच्या चेकबुकात तेवढा एकच चेक उरला होता आणि तो अण्णांच्या नावाने लिहून झाला होता. फाडला. चँडलरला घरी गेल्यावर पाठवतो म्हणाले. त्यांचे पैसे वाचले ते असे.

उलगडा केला तो समुद्राने. अण्णांनी जागा दाखवली ती अष्टमीच्या आसपास, भांगाच्या, म्हणजे लहान, भरतीत. पाणी खुंट्यांपासून चांगलं लांब होतं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भावोजी म्हणाले, आज उधाण आहे, चला तुमची इस्टेट बघून येऊ. मालवणचा माणूस तिथी बघितल्याशिवाय समुद्राकडे जात नाही, त्यात आखाताचं हे उत्तरेचं टोक म्हणजे काही औरच प्रकार. उधाणाला भरती-ओहोटीत सहा-सात मीटरपर्यंत फरक पडतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर असलं कोणी बघितलेलं नाही. गावात सेडो नावाचं वाळवंट आणि समुद्राच्या अभ्यासाचं केंद्र आहे, ते भरतीचं कॅलेंडरच काढतं. आम्ही पोचलो तेव्हा भरती पुरी व्हायची होती. बारा नंबरची खुंटी पाण्यात उभी होती. चौदा नंबरच्या, म्हणजे अण्णांच्या घराच्या, नारिंगी फितीला शेवाळाचा धागा चिकटला होता. भावोजी काही बोलले नाहीत, चपला काढून एकेका खुंटीपाशी जाऊन ओली वाळू कुठवर आहे ते पावलांनी मोजत राहिले. परत येऊन म्हणाले, वहिनी, ही जागा नव्हे, ही पुळण आहे.

मेक्सिकोचा कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. वर्षातली मोठ्यात मोठी भरती जिथवर पोचते तिथवरचा किनारा सार्वजनिक. त्याच्यामागची 20 मीटरची पट्टी संघराज्याची, तिला झोफेमात म्हणतात. ती कोणी विकू शकत नाही. वापरायची तर पर्यावरण खात्याची सवलत, म्हणजे वापराचा परवाना, लागते आणि ती सवलत दुसऱ्याला द्यायलाही त्याच खात्याची परवानगी लागते. टेकड्यांमागची जमीन एहिदोची, म्हणजे गावसमूहाची निघाली. तिच्यातल्या वाट्याचा हक्क विकायचा तर त्याच एहिदोच्या सभासदाला किंवा तिथल्या मान्य रहिवाशालाच विकता येतो, कंपनीला नाही. म्हणजे स्पॅनिश कागद मुळातच पोकळ. आणि नोटरीचा शिक्का? अमेरिकेतला नोटरी एवढंच सांगतो की सही करणारा माणूस समोर उभा होता. मजकूर खरा की खोटा याच्याशी त्याचा संबंध नसतो. मेक्सिकोत ‘नोतारियो’ हा सरकारने नेमलेला बडा वकील असतो, मालकीचे कागद तपासून मगच व्यवहार नोंदवतो. शिक्का पाहिजे होता तो त्याचा.

हे सगळं आम्हाला कळलं ते पार्कच्या ऑफिसातल्या मेक्सिकन बाईंमुळे. त्यांनी कागद वाचला, कपाळाला हात लावला, दुपारी ऑफिस बंद करून स्वतःच्या गाडीतून आम्हाला नगरपालिकेत झोफेमातच्या खिडकीवर नेलं. तिथल्या कारकुनाने एकच प्रश्न विचारला, सवलतीचा नंबर? कागदावर नंबर नव्हताच. त्याने कागद टेबलावरून आमच्याकडे सरकवला. बाईंनी पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. ज्यांच्यापासून सांभाळून राहा म्हणून मुलांनी बजावलं होतं ती ही माणसं.

संध्याकाळी परत आलो तर अण्णांचा ट्रेलर जागेवर नव्हता. अॅरिझोनात टूसॉनला डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे, असं कोणाला तरी सांगून गेले होते. फोन दोन दिवस वाजला, मग बंद.

पार्कात चौकशी केली तेव्हा आणखी चार घरं निघाली, सगळी ‘पहिल्या रांगेतली’. त्यातल्या दोघांनी तक्रार करायला साफ नकार दिला. एक बाई म्हणाल्या, मुलांना कळलं तर ते माझं चेकबुक काढून घेतील. मला त्यांचा राग आला नाही, पण अण्णांसारख्यांचं दुकान चालतं ते याच भीतीवर. दोन उधाणांच्या मध्ये गिऱ्हाइकं आणायची, उधाणाच्या दिवशी कोणाला तिकडे फिरकू द्यायचं नाही, आणि मोसम संपायच्या आत टूसॉन.

आम्ही एफबीआयच्या आयसीथ्री या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावर आणि अॅरिझोनाच्या अॅटर्नी जनरलकडे लिहून दिलं. बँकेने हात वर केले. पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, खातं कोणी फोडलेलं नाही, म्हणून परत नाहीत. त्या दिवशीच कळवलं असतं आणि समोरच्या खात्यात पैसे असते तर कदाचित काही झालं असतं, असं म्हणाले.

खरा कळस नंतर. महिन्याभराने मैत्रिणीला फोन आला. स्वच्छ इंग्रजी, मेक्सिकन सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागातून बोलतोय म्हणे. अडीच हजार हा आकडा त्याला माहीत, प्लॉटचा नंबर माहीत. ते खातं गोठवलं आहे, तुमचे पैसे व्याजासकट परत येणार आहेत, फक्त 16 टक्के कर आधी भरा. मेक्सिकोत व्हॅटचा सर्वसाधारण दर 16 टक्केच आहे, त्यामुळे आकडाही ओळखीचा वाटतो. जुलै 2024 मध्ये अमेरिकेचा अर्थविभाग आणि एफबीआय यांनी मेक्सिकोतल्या टाइमशेअरच्या, म्हणजे सुट्टीच्या घरातल्या वाट्याच्या, फसवणुकीबद्दल जी सूचना काढली होती तिच्यात हेच वर्णन आहे. आधी लुटायचं, मग सरकारी माणूस होऊन, बुडालेले पैसे सोडवून देतो म्हणून पुन्हा लुटायचं. कुठलंही सरकार परतावा देण्याआधी फोनवर कर मागत नाही. मैत्रीण कर भरायला जवळजवळ तयार झाली होती, नवऱ्याने फोन हातातून घेतला. नंतर वेगवेगळ्या नंबरांवरून बरेच दिवस फोन येत राहिले. गिऱ्हाइकांची यादी अण्णांनी पुढे विकली असणार, असा आमचा अंदाज.

तिथे जागा धरायचीच असेल तर पार्कच्या ऑफिसात, पार्कच्या माणसाकडून, छापील पावती घेऊन धरा. पार्काबाहेरची जमीन कोणी दाखवली तर आधी एवढं विचारा: एहिदोची की खासगी, खासगी असेल तर नोंदणी कार्यालयातला उतारा कुठे, आणि समुद्रालगत असेल तर सवलतीचा नंबर काय. किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला जमीन घ्यायची तर ती बँकेच्या ट्रस्टमधूनच घेता येते, तिथे झेल चालत नाही. शिवाय ज्याने जागा दाखवली त्याच्याच नावाने चेक लिहून पुढे करा आणि तो काय करतो ते बघा.

कॅनडातल्या सस्कॅचेवानचं एक म्हातारं जोडपं अजून म्हणतं की अण्णा आजारी असतील, नोव्हेंबरात येतील. त्यांचा नंबर सोळा, उरलेले साडेतीन हजार ऑक्टोबरात भरायचे आहेत. झोफेमातच्या खिडकीवर काय झालं ते आम्ही त्यांना इंग्रजीत लिहून, उधाणातल्या खुंट्यांचे फोटो जोडून पाठवलं आहे. अजून उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणी त्या पार्कात लवकर पोचणार असेल तर मला कळवा, त्यांची जागा कुठली ते सांगते.