सिलिकॉनची रिंग: वापरून पाहिली, चांगली आहे

अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकते, हे आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात बाई सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. कापसाचं गाठोडं उचललं की मला खाली ओढ बसायची. एका दवाखान्यात तपासायच्या आधीच "पिशवी काढून टाका" म्हटलं. दुसरीकडच्या मॅडमनं नीट तपासून योनीमार्गात रिंग बसवली, तिला पेसरी म्हणतात. माप मिलिमीटरचं असतं अन् तपासूनच ठरतं, मेडिकलवरून अंदाजानं आणू नका.

बरोबर बसली की वेचणीत वाकलं तरी जाणवत नाही. काढणं-घालणंही शिकवलं: चिमटीत दुमडायची, काढली की साबणपाण्यानं धुवायची. ब्रिटनमधल्या २०२३ च्या अभ्यासात अशी घरीच रिंग सांभाळणाऱ्या बायका दवाखान्यात जाऊन बदलणाऱ्यांइतक्याच बऱ्या राहिल्या. मले तर तेच सोयीचं, एसटीचा दिवस वाचतो.

खोट म्हणजे पांढरं जास्त जातं. पाळी गेलेल्यांना इस्ट्रोजेन या हार्मोनचं मलम देतात. रक्त दिसलं तर वाट न पाहता दवाखान्यात जा.

अंग वर धरायला ऑपरेशन करून जाळी बसवतात असं ऐकलं असेल, तर त्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेनं २०१९ मध्ये बंद केली. रिंग फक्त आधार देते. लघवीची जागा आवळायचा व्यायाम अन् पोट साफ ठेवणं सुटत नाही.