टॉमकॅटमध्ये जेएसपी डीबग करण्याची मांडणी: काही महिन्यांच्या वापरानंतर

जेएसपी पानांवर (एचटीएमएलमध्ये जावा मिसळलेल्या पानांवर) उभं असलेलं एक जुनं ॲप्लिकेशन गेले काही महिने टॉमकॅट ९ या जावा वेब सर्व्हरवर सांभाळतोय. नवं काम आता कुणी जेएसपीत सुरू करत नाही, मान्य. पण १९९९ साली जेएसपी आल्यापासून लिहिली गेलेली असंख्य पानं अजून चालू आहेत, आणि ती बिघडली की कुणाला तरी आत डोकवावं लागतंच. त्यासाठी जॅस्परच्या, म्हणजे टॉमकॅटमधल्या जेएसपी इंजिनच्या, सेटिंग्ज बऱ्याच उलटसुलट करून पाहिल्या. घाईत असाल तर निकाल आधीच सांगतो: पानावर थेट ब्रेकपॉइंट (कोड ठरावीक ओळीवर थांबवणारी खूण) लावायची सोय दिसायला झकास आहे, पण रोजच्या कामात उपयोगी पडली ती त्याहून साधी गोष्ट. जॅस्परने पानापासून तयार केलेली जावा फाइल जागेवर राहू देणं आणि ती माणसाला वाचता येईल अशी ठेवणं.

सगळे पर्याय कॉन्फ फोल्डरमधल्या वेब.एक्सएमएल फाइलीत आहेत. तिथे 'जेएसपी' नावाचं एक सर्व्हलेट (विनंती हाताळणारा जावा वर्ग) आहे आणि त्याच्या वरच्या लांबलचक कॉमेंटमध्ये प्रत्येक पर्याय त्याच्या डिफॉल्ट किमतीसह लिहिलेला आहे. ती कॉमेंट एकदा सावकाश वाचून काढा. नेटवरच्या अर्ध्या उत्तरांपेक्षा ती बरी आहे. ही फाइल त्या सर्व्हरवरच्या सगळ्या ॲप्लिकेशन्सना लागू होते. एकाच सर्व्हरवर शेजारीपाजारी असतील तर आपल्या ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या वेब.एक्सएमएलमध्ये त्याच नावाचं सर्व्हलेट पूर्ण लिहून हवे ते पॅरामीटर द्यावेत. मी तेच करतो. आपल्या डीबगिंगचा भार दुसऱ्यांच्या डोक्यावर कशाला?

आता ही जावा फाइल सापडते कुठे? टॉमकॅटच्या वर्क फोल्डरमध्ये कॅटॅलिना, त्यात होस्टचं नाव (बहुतेक वेळा लोकलहोस्ट), त्यात ॲप्लिकेशनचं नाव आणि त्याखाली ऑर्ग, अपाचे, जेएसपी अशी उतरंड. इंडेक्स.जेएसपीची तिथे इंडेक्स_जेएसपी.जावा होते. फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात आडवी रेघ असेल तर तिच्या जागी अंडरस्कोर ००२डी येतं, कारण जावाच्या नावात ती रेघ चालत नाही. वेब-इन्फच्या आतली पानं शोधताना हे ठाऊक नसेल तर फाइल समोर असून दिसत नाही. टॅग फाइली आणखी वेगळ्या जागी, टॅग आणि वेब या उपफोल्डरांत जातात.

ही फाइल ठेवायची की नाही ते कीपजनरेटेड ठरवतं. डिफॉल्ट ट्रू आहे, म्हणजे काही करायची गरज नाही. तरीही तपासा, कारण जागा वाचवायच्या नादात कुणीतरी ते फॉल्स करून ठेवलेलं असू शकतं. जागेची बचत नगण्य, आणि लॉगमधल्या स्टॅक ट्रेसमध्ये (चूक कुठल्या ओळीवर झाली ते सांगणाऱ्या यादीत) मात्र 'इंडेक्स_जेएसपी.जावा, ओळ २१४' असं येतं. फाइलच नसेल तर ती २१४ वी ओळ कुठे शोधणार?

दुसरा पर्याय मॅप्डफाइल, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. ट्रू असेल तर पानातल्या साध्या एचटीएमएलच्या प्रत्येक ओळीसाठी जॅस्पर एक वेगळं आउट.राइट लिहितो. फॉल्स केलं तर दोन टॅगांच्या मधला मजकूर लांबलचक स्ट्रिंगमध्ये कोंबतो. पहिल्या प्रकारात जावा फाइल आणि मूळ पान शेजारी उघडून नजरेनेच ओळी जुळवता येतात. दुसऱ्यात आडवं स्क्रोल करून डोळे जातात. हेही डिफॉल्ट ट्रूच आहे. आमच्याकडे मात्र ते फॉल्स केलेलं होतं, आणि त्यामागे कारण होतं.

ते कारण असं. जावात एका मेथडचा बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) ६४ केबीपेक्षा मोठा असू शकत नाही. नेमकं सांगायचं तर ६५५३५ बाइट. जॅस्पर पानाचा मुख्य भाग एकाच सर्व्हिस मेथडमध्ये घालतो. पान अवाढव्य असेल, त्यात इन्क्लूड डायरेक्टिव्हने (दुसरी फाइल कंपाइल होण्याआधीच पानात मिसळणाऱ्या, म्हणजे स्टॅटिक, सूचनेने) हेडर, मेन्यू, फूटर असं सगळं ओतलेलं असेल, तर प्रत्येक ओळीमागे एक आउट.राइट या हिशोबाने मेथड फुगते आणि कंपायलर हात वर करतो. मॅप्डफाइल फॉल्स केलं की मेथड आक्रसते आणि पान पुन्हा चालू लागतं. हा उपाय खरा आहे, पण एका पानासाठी सगळ्या पानांची वाचनीयता घालवणारा आहे. मी त्या जाड्या पानातले स्टॅटिक इन्क्लूड काढून जेएसपी:इन्क्लूड टॅग वापरले. त्याने आतलं पान स्वतंत्र सर्व्हलेट म्हणून कंपाइल होतं, मुख्य मेथड लहान होते आणि मॅप्डफाइल परत ट्रू करता येतं. फक्त बाहेरच्या पानातले स्क्रिप्टलेटचे (पानात थेट लिहिलेल्या जावा कोडचे) लोकल व्हेरिएबल आत दिसत नाहीत, ते रिक्वेस्टमधून द्यावे लागतात. जुन्या पानांत हेच काम वेळखाऊ ठरतं.

इथे एक सूचना, जिच्यावाचून पुढचं सगळं फोल. सेटिंग बदलून सर्व्हर पुन्हा चालू केला तरी आधीच कंपाइल झालेली पानं तशीच राहतात, कारण पानाची फाइल बदललेली नसते. सर्व्हर थांबवा, वर्कमधला आपल्या ॲप्लिकेशनचा फोल्डर काढून टाका, मग चालू करा. टॉमकॅटची आवृत्ती बदलली की हे न विसरता करावं.

मग ही फाइल वाचून मिळतं काय? बरंच. सुरुवातीलाच डिपेंडंट्स नावाचा एक मॅप असतो. पानात स्टॅटिक पद्धतीने आलेल्या फाइली आणि टॅग लायब्ररी त्यांच्या बदलाच्या वेळेसह तिथे दिसतात. 'हा मेन्यू नक्की कुठल्या फाइलीतून येतोय' हा प्रश्न तिथेच सुटतो. त्याच्या आसपासच क्लासचे फील्ड. उद्गारचिन्हाच्या डिक्लरेशनमध्ये लिहिलेलं सगळं या जागी येतं, आणि एका पानाचं एकच सर्व्हलेट सगळ्या रिक्वेस्ट हाताळत असल्याने ते फील्ड सगळ्या वापरकर्त्यांत सामाईक असतात. आमच्या एका पानावर अधूनमधून भलतीच तारीख छापली जायची. मूळ पानात ती ओळ निरागस दिसते. जावा फाइलीत मात्र सिंपलडेटफॉरमॅटचा ऑब्जेक्ट सर्व्हिस मेथडच्या बाहेर, फील्ड म्हणून लख्ख दिसतो. तो वर्ग थ्रेडसेफ नाही, एकाच वेळी अनेक विनंत्यांनी वापरला तर गोंधळतो, म्हणजे दुखणं तिथेच होतं. असा दोष ब्रेकपॉइंटने पकडायला गेलात तर तो सहसा समोर येणार नाही, कारण थांबवलं की थ्रेडांची गर्दीच मोडते.

तिसरा फायदा क्षुल्लक वाटेल. एक्सएमएल देणाऱ्या पानाच्या सुरुवातीला रिकाम्या ओळी येतात आणि पलीकडचा पार्सर रुसतो. जावा फाइलीत अगदी वरती नुसत्या नव्या ओळी लिहिणाऱ्या आउट.राइटची रांग दिसली की समजायचं, डायरेक्टिव्हांनंतरचे एंटर आहेत. पेज डायरेक्टिव्हमध्ये ट्रिमडायरेक्टिव्हव्हाइटस्पेसेस ट्रू केलं की संपलं.

आता ब्रेकपॉइंट. कॅटॅलिनाची, म्हणजे टॉमकॅट सुरू करणारी, स्क्रिप्ट जेपीडीए स्टार्ट (जेपीडीए ही जावाची डीबगिंगची सोय) असं सांगून चालवली की सर्व्हर डीबगरसाठी पोर्ट उघडतो. डिफॉल्ट पत्ता लोकलहोस्ट, पोर्ट ८०००. जेपीडीए_ॲड्रेस या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने तो बदलता येतो, पण लोकलहोस्ट सोडून बाहेर उघडू नका. या पोर्टवर पासवर्ड वगैरे काही नसतो आणि तिथे पोचलेला माणूस सर्व्हरमध्ये हवा तो कोड चालवू शकतो. दुसऱ्या मशीनवरचा सर्व्हर असेल तर एसएसएच टनेल घाला. आणि आयडीईमध्ये (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ब्रेकपॉइंटवर फक्त तोच थ्रेड थांबेल असं निवडा. सगळे थ्रेड थांबवण्याचाच पर्याय निवडलेला राहिला तर टेस्टिंग करणारे सहकारी तुमच्या नावाने शंख करतील.

पानाची ओळ आणि जावाची ओळ यांचा मेळ जेएसआर-४५ नावाच्या मानकाने बसतो. जॅस्पर ओळींचा नकाशा, ज्याला एसमॅप म्हणतात, थेट क्लास फाइलीत घालतो आणि आयडीई तो वाचतं. सप्रेसएसमॅप फॉल्स (तेच डिफॉल्ट) आणि क्लासडीबगइन्फो ट्रू (तेही डिफॉल्ट) असलं की झालं. ब्रेकपॉइंट लागतच नसेल तर डंपएसमॅप ट्रू करून पाहा: क्लास फाइलीशेजारी नकाशाची साधी मजकूर फाइल पडते. तीत '१२,३:८४' असं दिसलं तर पानाच्या १२ व्या ओळीपासून तीन ओळी जावाच्या ८४, ८५, ८६ या ओळींशी जुळतात. आकड्यानंतर हॅशचं चिन्ह असेल तर ती ओळ कितव्या फाइलीतली ते पुढे येतं. स्टॅटिक इन्क्लूड असलेल्या पानात हा भाग फार कामाचा. लॉगमधल्या स्टॅक ट्रेसला मात्र हा नकाशा उपयोगी नाही, तिथे जावाच्याच ओळी येतात. म्हणून पुन्हा ती जावा फाइल हवीच.

ब्रेकपॉइंटबद्दल माझी नाराजी जेएसटीएल (जेएसपीच्या तयार टॅगांची लायब्ररी) आणि ईएल (पानात किमती छापायची छोटी एक्सप्रेशन भाषा) यांमुळे आहे. सी:फॉरईचचा टॅग घ्या. जॅस्पर त्याची बहुधा एक वेगळीच मेथड करतो, नावात अंडरस्कोर, ००५एफ वगैरे भरलेली. लूपमध्ये तुम्ही 'आयटम' म्हणता तो जावाचा लोकल व्हेरिएबल नसतोच, तो पेजकॉन्टेक्स्टमध्ये ठेवलेला असतो. त्यामुळे डीबगरच्या व्हेरिएबलच्या यादीत तो दिसत नाही आणि माणूस चक्रावतो. एक्सप्रेशन तपासायच्या खिडकीत पेजकॉन्टेक्स्टच्या फाइंडॲट्रिब्यूटला 'आयटम' हे नाव द्या, मग मिळतो. ईएलचं दुखणं याहून वेगळं. एक्सप्रेशनच्या ओळीवर थांबता येतं, पण पाऊल आत टाकलं की जॅस्परच्या आणि ईएलच्या अंतर्गत क्लासेसच्या जंगलात जाता. त्यात सुरुवातीचं नाव सापडलं नाही तर ईएल तक्रार न करता रिकामी जागा छापतं. स्पेलिंग चुकलं की पान गप्प. एखाद्या ऑब्जेक्टवर नसलेली प्रॉपर्टी मागितली तर मात्र एक्सेप्शन येतं. त्यात प्रॉपर्टीचं आणि क्लासचं नाव असतं, आणि तेवढं पुरतं. थोडक्यात, पान स्क्रिप्टलेटने भरलेलं असेल तर ब्रेकपॉइंट सोन्यासारखा आणि पान नीटनेटकं असेल तर तो निम्माच उपयोगी. ही गंमतच आहे.

राहिलं डेव्हलपमेंट मोड. डिफॉल्ट ट्रू असतो. पान बदललंय का हे जॅस्पर विनंती येताना तपासतो, पण मॉडिफिकेशनटेस्टइंटरव्हलमुळे एकदा तपासल्यावर ४ सेकंद पुन्हा पाहत नाही. 'सेव्ह केलं, रिफ्रेश केलं, जुनंच दिसतंय' या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं. माझ्या मशीनवर मी ते ० ठेवतो. चूक झाली की पानाचा तो तुकडा ओळींसकट ब्राउझरमध्ये दिसतो, हे डिस्प्लेसोर्सफ्रॅगमेंटचं काम. लिहिताना वरदान, खऱ्या वापरकर्त्यांसमोर मात्र हा प्रकार चालणार नाही, कारण जुन्या पानांत क्वेऱ्यासुद्धा असतात.

एक बारकाईची गोष्ट राहिली. टॉमकॅट ९ वर जेएसपी जावा १.८ च्या व्याकरणाने कंपाइल होतं, सर्व्हर त्याहून नव्या जावावर चालत असला तरी. १०.१ वर तोच डिफॉल्ट ११ आहे. स्क्रिप्टलेटमध्ये नवं व्याकरण लिहून कंपायलरची विचित्र तक्रार आली तर कंपायलरसोर्सव्हीएम आणि कंपायलरटार्गेटव्हीएम हे दोन पाहा.

प्रॉडक्शनवर आता डेव्हलपमेंट फॉल्स, डिस्प्लेसोर्सफ्रॅगमेंट फॉल्स, जेपीडीए बंद. जेनस्ट्रिंगॲजकॅरॲरे ट्रू करा असा सल्ला टॉमकॅटच्या दस्तऐवजात आहे आणि काही वेळा त्याने वेग वाढतो. पण मग मजकूर कॅरेक्टर ॲरेंत जातो आणि सर्व्हिस मेथडमध्ये नुसती कॅर_ॲरे_७, कॅर_ॲरे_८ अशी नावं उरतात. आमच्या पानांचा वेळ डेटाबेसमध्ये जातो, मजकूर छापण्यात नाही. म्हणून ते मी फॉल्सच ठेवलंय, आणि कीपजनरेटेड व मॅप्डफाइल प्रॉडक्शनवरही ट्रू.