वसईच्या वाडीतला नाताळ: चार रात्रींचा घरगुती मुक्काम, आमचा अनुभव

बऱ्याच जणांनी विचारलं की नाताळात कुठे गेला होतात, फोटोतलं ते कौलारू घर कुठलं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहिते. विरार वेस्टला उतरून आगाशीकडे निघालं की नंदाखालचा पट्टा लागतो, तिथे एका कुपारी (वसईतला एक ख्रिस्ती समाज) कुटुंबाच्या घरी आम्ही 22 ते 26 डिसेंबर राहिलो. मी, हे, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई. घराला बोर्ड नाही, ॲपवर नाव नाही, घरमालकीण मावशी दोनच खोल्या देतात आणि त्यापण ओळखीतून. नाव टाकू नकोस असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून इथे टाकत नाही, ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मला मेसेज करा, मी मावशींना विचारून नंबर देईन.

आधी थोडं मागचं सांगते. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही थंड हवेच्या ठिकाणी एका रिसॉर्टचं ख्रिसमस पॅकेज घेतलं होतं, भरपूर पैसे गेले आणि 24 तारखेच्या रात्री आम्हाला चर्चला जायचंय म्हटल्यावर रिसेप्शनवरचा मुलगा आमच्याकडे बघतच राहिला. गाडी मिळणार नाही, गेट अकराला बंद, आत डीजे चालू. आम्ही खोलीत मोबाईलच्या उजेडात बायबलमधला लूकचा दुसरा अध्याय, येशूजन्माचा, वाचला आणि बाहेरच्या आवाजात एकमेकांचं ऐकूसुद्धा येत नव्हतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण तेव्हाच ठरवलं की परत असं नाही. आम्ही मूळचे नगरचे, प्रोटेस्टंट, माझ्या लहानपणी नाताळ म्हणजे टाळ-मृदंगावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं, चुलीवरच्या करंज्या आणि पहाटे कंदील घेऊन दारात आलेले गाणारे लोक. पुण्यात आल्यावर एकेक सुटत गेलं. केक बेकरीतून, तारा ऑनलाइन, फराळ पाकिटातला. मुलांना नाताळ म्हणजे सांताकडून गिफ्ट एवढंच माहीत होतं, ते मला मनापासून खुपत होतं.

तर मुक्काम. माणशी रोजचे 1500, मुलांचे निम्मे, त्यात चहा-नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं आलं. खोली साधी, स्वच्छ, सुती चादरी, पंखा, एसी नाही आणि डिसेंबरात लागतही नाही. खिडकीतून केळीची बाग आणि पलीकडे बावखल दिसतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बावखल म्हणजे वसईतली वाडीतली गोड्या पाण्याची जुनी तळी. विरारच्या टॉवरपासून रिक्षाने इतक्या जवळ असं हिरवंगार गाव शिल्लक कसं, असं मी त्या घरातल्या काकांना विचारलं, तर म्हणाले आपोआप नाही राहिलं, फादर दिब्रिटो आणि हरित वसई या पर्यावरण चळवळीची माणसं रस्त्यावर उतरली म्हणून राहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो म्हणजे 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, ते या नंदाखालचेच. 2024 च्या जुलैत गेले. काका त्यांच्याबद्दल बोलताना घरातलं माणूस गेल्यासारखे गप्प झाले.

मावशींनी फोनवरच सांगितलं होतं की पोरी, आमच्याकडे पाहुणे म्हणून बसायला मिळणार नाही, त्या दिवसांत घरात काम असतं, हाताला हात लावावा लागेल, आणि साडेसातला सगळ्यांनी प्रार्थनेला बसायचं. मला वाटलं गंमतीत म्हणतायत. पोचलो त्याच संध्याकाळी कलकलचं (नाताळातला तळलेला गोड फराळ) पीठ समोर आलं! नारळाच्या दुधात मळलेलं, मऊ, पाटावर मोठा गोळा. त्यातला बोराएवढा तुकडा घ्यायचा, फोर्कच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायचा आणि मग हलक्या हाताने गुंडाळत आणायचा की त्यावर रेघा उठलेली शिंपली तयार. आजी (मावशींच्या सासूबाई, लाल लुगडं, वय पंच्याऐंशीच्या पुढे) फोर्क वापरत नाहीत, त्यांच्याकडे फक्त याच कामासाठी ठेवलेली एक नवी कोरी फणी आहे आणि त्यांचा वेग इतका की आमच्या दोन व्हायच्या आत त्यांच्या दहा. मुलीच्या वेड्यावाकड्या कलकल मी बाजूला काढायला लागले तर आजींनी माझा हात धरला आणि त्या सगळ्यात आधी कढईत टाकायला लावल्या.

साडेसातला खरंच सगळं थांबलं. गॅस बंद, टीव्ही तर नव्हताच चालू. आल्तारासमोर (घरातल्या वेदीसमोर) आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांच्या, हिरव्या रिंगणातल्या चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या एक गुलाबी, चारही पेटवल्या, मग जपमाळ, मग त्या दिवसाचं शुभवर्तमान. आम्हाला जपमाळेची सवय नाही, आम्ही नुसते हात जोडून बसलो, कोणी काही म्हटलं नाही. 22 ला मरियेचं स्तोत्र होतं, 23 ला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा जन्म, 24 ला सकाळी त्याचा बाप जखऱ्या याचं स्तोत्र. म्हणजे गोष्ट रोज थोडी थोडी पुढे सरकते आणि आपण तिच्याबरोबर वाट बघायला लागतो, हे मी इतकी वर्षं चर्चला जाऊनसुद्धा कधी अनुभवलं नव्हतं. 23 ला जखऱ्याला बोलता येत नसतं म्हणून तो पाटी मागतो आणि त्यावर योहान हे नाव लिहितो, हे वाचलं तेव्हा मावशींचा नातू उठून आपली शाळेची पाटी घेऊन आला आणि माझ्या मुलाला म्हणाला लिही. माझ्या मुलाने मोठ्या अक्षरात योहान लिहिलं. ती पाटी मग येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याशेजारी ठेवली, आम्ही निघेपर्यंत तिथेच होती.

गोठ्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. बाजारातून काही आणलं नव्हतं, मूर्तींचा सेट जुना, एका मेंढीचा पाय मोडलेला, बाकी सगळं घरचं. काकांनी बांबूच्या कामट्या तासून ताऱ्याचा सांगाडा बांधला, आमच्या ह्यांनी आणि मुलाने पतंगाचा कागद चिकटवला, दोनदा फाटला, तिसऱ्यांदा जमला. भाताचा पेंढा वाडीतलाच. आणि हिरवळीसाठी नाचणी! दहा-बारा तारखेलाच जुन्या ताटल्यांमध्ये माती घालून नाचणी दाट पेरून ठेवतात, रोज पाणी शिंपडायचं, नाताळपर्यंत बोटभर मऊ गवत तयार होतं आणि मग ताटल्याच गोठ्यात मांडतात. मधली गव्हाण रिकामी. बाळ कुठंय म्हणून माझी मुलगी दोन दिवस विचारत होती, मावशी म्हणायच्या अजून आलं नाही. 24 च्या रात्री चर्चवरून परतल्यावर घरातल्या सगळ्यात लहान मुलाने बाळ ठेवायचं अशी त्यांची पद्धत, आणि त्या रात्री सगळ्यात लहान माझी मुलगी होती. मावशींनी रुमालात गुंडाळलेली ती छोटीशी मूर्ती तिच्या ओंजळीत दिली. झोपेने डोळे मिटत होते तिचे पण इतकं जपून चालली ती की मला रडू आलं, सासूबाईंना पण.

रात्रीची मिस्सा (कॅथलिक उपासना) मराठीत, चर्चच्या आवारात उघड्यावर, हजारो माणसं, थंडीत शाली घेतलेल्या लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या पुढच्या रांगेत. आम्ही प्रोटेस्टंट म्हणून कम्युनियन (मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद) घेतलं नाही, जागेवर बसून राहिलो, पण परकं वाटलं नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी टिळकांचं एक भजन म्हटलं आणि काकांनी डब्यावर ठेका धरला.

आता खाणं. 25 ला सकाळी फुगे. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि यीस्टच्या ऐवजी ताडी घालून पीठ रात्रीच फुगायला ठेवलेलं. हात पाण्यात बुडवायचा, पीठ मुठीत घेऊन आवळायचं, अंगठा आणि बोटाच्या मधून गोळा वर आला की तेलात सोडायचा, झाऱ्याने वरून तेल उडवलं की टम्म. बाहेरून सोनेरी, आत जाळी, आणि त्याबरोबर डुकराचं इंद्याल, म्हणजे मसालेदार कालवण. मसाला मावशींनी मे महिन्यात कुटून बाटल्यांमध्ये ठासून ठेवलेला, त्याचा वास पूर्ण ओटीवर. डुक्कर न खाणाऱ्यांना आधी सांगितलं तर कोंबडी करतात. सांदणं मऊसूत. नेवऱ्या (करंज्या) मला जरा जास्त गोड वाटल्या. पण माझं मत विचाराल तर या सगळ्यात वरचढ सुकेळी, राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच वाळक्या पानात बांधतात, मध घातल्यासारखी लागतात आणि साखरेचा दाणा नाही त्यात. दोन किलो आणली, महिन्यात संपली. दुपारी मुलांनी फराळाच्या ताटल्या क्रोशाच्या रुमालाने झाकून आजूबाजूच्या घरी पोचवल्या, हिंदू शेजाऱ्यांकडेपण, तिथून ताटलीत तिळाचे लाडू आले.

ज्या गोष्टी पटल्या नाहीत त्यापण सांगते कारण जाणाऱ्याला कळायला हव्यात. बाथरूम दोन खोल्यांत मिळून एक, गिझर छोटा, पाच जणांच्या आंघोळी म्हणजे दीड तास. बावखलामुळे संध्याकाळी डास खूप, मच्छरदाणी देतात पण ओडोमॉस न्याच. मावशींनी पाठवलेलं लोकेशन मागच्या गल्लीत नेतं, आम्ही अंधारात बॅगा घेऊन अर्धा तास फिरलो. स्टेशनवरून रिक्षा सणाच्या गर्दीत सहज मिळत नाही, आधी सांगून ठेवा, काका ओळखीतली पाठवतात. लहान मुलांना तिथलं कालवण तिखट लागेल, माझ्या मुलीने दोन दिवस वरण-भातावर काढले. 24 ला सगळे कामात असल्याने दुपारचं जेवण तीनला मिळालं, औषधं वेळेवर लागणारी वडीलधारी माणसं बरोबर असतील तर हे आधी बोलून घ्या, सासूबाईंची शुगर आहे आणि त्या दिवशी मला काळजी वाटली होती. वायफाय नाही. आणि ज्यांना प्रार्थनेत बसायचं नाही, फक्त वाडी आणि जेवण हवंय, त्यांनी जानेवारीत जावं, नाताळात त्या घराचं घड्याळ साडेसातच्या प्रार्थनेवर चालतं आणि ते तुमच्यासाठी बदलणार नाहीत, बदलूही नये असं मला वाटतं.

पैशाच्या मानाने? मला तरी चार रात्रींचे पैसे कमीच वाटले, निघताना फराळाचे वेगळे द्यायला गेले तर मावशींनी घेतले नाहीत. पाचपैकी पाच देते.

यंदासाठी आम्ही सांगून ठेवलंय. तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबरच्या 10 तारखेच्या आत नक्की करा, पाहुण्यांकडची मुलं किती ते मावशी विचारून घेतात आणि प्रत्येकाच्या नावाची एक ताटली नाचणी वेगळी पेरून ठेवतात.